“तो दुसरं काही खातच नाही!”

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली पालक खुर्चीत बसायच्या आतच मला ते ऐकू येतं. गोष्ट बहुतेक सारखीच असते. सकाळची घाई, कपाटातला नाश्त्याच्या सीरिअलचा रंगीत खोका, वाडग्यात ओतलेल्या चॉकलेटी गोळ्या, वर थंड दूध. मूल विनातक्रार खातं, शाळेत जातं. मग एके दिवशी आई खोक्याची मागची बाजू वाचते आणि तिथून पुढे सकाळ शांत राहत नाही.

सुरुवातीच्या काळात मी अशा घरांना पर्यायांची यादी द्यायचे. ओट्सची लापशी, उकडलेलं अंडं, दही आणि फळं, सुकामेवा. पालक ती नीट घडी घालून पर्समध्ये ठेवायचे आणि पंधरा दिवसांनी तोच चेहरा घेऊन परत यायचे. “यादी छान होती मॅडम, पण...” त्या ‘पण’कडे लक्ष द्यायला मला तीनेक वर्षं लागली. ज्या घराने मला ते शिकवलं, त्याच्याबद्दल लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि बऱ्याच भेटी एकत्र केल्यात.

मुलगा नऊ वर्षांचा. पहिल्या भेटीला फक्त आई-बाबा आले.

“मी खोका सरळ फेकून दिला,” आई म्हणाली. “दोन दिवस उपाशी गेला शाळेत. तिसऱ्या दिवशी ह्यांनीच नवा आणून ठेवला.”

“मग काय करू? निदान पोटात काहीतरी घालून जातो.”

“साखर घालून जातो पोटात.”

“लहानपणी सगळेच गोड खातात गं.”

पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की दोघांपैकी कुणीही माझ्याशी बोलत नव्हतं. मी त्यांना पुढच्या वेळी तीन गोष्टी आणायला सांगितल्या: तो खोका, त्याचा रोजचा वाडगा आणि मुलगा.

माझ्याकडे स्वयंपाकघरातला एक छोटा वजनकाटा आहे. त्यावर रिकामा वाडगा ठेवून शून्य केलं आणि मुलाला म्हटलं, “रोज घेतोस तसं घे.” त्याने खोका चांगला वीतभर वर धरला. गोळ्या ताडताड करत पडल्या, दोन टेबलावर उडाल्या, त्या त्याने उचलून परत टाकल्या. आकडा आला ६४ ग्रॅम. खोक्यावर एका वेळचं प्रमाण ३० ग्रॅम छापलेलं होतं आणि बहुतेक पालक साखरेचा आकडा त्या ३० ग्रॅमसाठीचाच वाचतात. प्रत्यक्षात कुणीच ३० ग्रॅम घेत नाही. घेऊन बघा, वाडग्याचा तळही धड झाकला जात नाही.

१०० ग्रॅममध्ये २९ ग्रॅम साखर, म्हणजे त्या वाडग्यात जवळपास १९. चहाच्या चमच्यात साधारण चार ग्रॅम मावते, तेव्हा साडेचार चमच्यांच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस अशी आहे की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत राहावेत, आणि ५ टक्क्यांच्या आत आले तर आणखी चांगलं. दिवसाला १६०० कॅलरी खाणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ ४० ग्रॅम, आणि जमल्यास २०. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. आईने नवऱ्याकडे खटला जिंकल्यासारखं पाहिलं. आणि मुलाचे कान लाल झाले.

ती माझी चूक होती. आकडा आई-बाबांना सांगायचा होता, त्याला नाही. नऊ वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळलं की आपण काहीतरी वाईट करताना पकडलो गेलो. आता मी वजनकाट्याचा खेळ मुलासमोर करते, पण हिशेब नंतर, त्याच्या माघारी.

मी आई-बाबांना बाहेर बसायला सांगितलं. मुलगा वाडग्यातली एकेक गोळी बोटाने फिरवत होता.

“ह्यातलं सगळ्यात भारी काय आहे रे?”

चॉकलेट, असं उत्तर येणार हे मी धरूनच चालले होते. त्याने विचार केला.

“आवाज.”

“कसला?”

“दूध ओतल्यावर येतो तो. कान जवळ नेला की ऐकू येतो.” मग थोड्या वेळाने, “आणि शेवटचं दूध. ते चॉकलेटी होतं. ते मी वाडगा तोंडाला लावून पितो.”

“आणखी?”

बराच वेळ काही नाही. मीही बोलले नाही. या कामात गप्प बसता आलं की अर्धं काम होतं, असं मला वाटतं.

“मीच ओततो,” तो म्हणाला. “बाकी सगळं आई सांगते. ऊठ, दात घास, मोजे घाल, दप्तर बघ. हे मीच करतो.”

माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानावर हे शेवटचं वाक्य दोनदा लिहिलेलं आहे. इतकी वर्षं मी पालकांना खोक्यातल्या पदार्थाला पर्याय सुचवत होते, आणि पदार्थ हा त्या खोक्याचा फार तर पाव हिस्सा होता. उरलेल्यात होता तो आवाज, तळाचं दूध, आणि हुकमांनी भरलेल्या सकाळीतली स्वतःच्या मालकीची पाच मिनिटं. माझ्या यादीतली लापशी कुणीतरी करून, वाढून, “संपव” म्हणून समोर ठेवणार. म्हणजे एकविसावा हुकूम. ती तो कशाला खाईल?

बाबांना आत बोलावून विचारलं, “तो खात असतो तेव्हा तुम्ही काय करता?” ते ओशाळं हसले. “दाढी. तेवढीच दहा मिनिटं मिळतात.” आईला विचारलं, तर ती म्हणाली, “तेवढ्यात मी कुणावर ओरडत नाही.” बघा, एक खोका घरातल्या तीन माणसांची तीन कामं करत होता. त्याला फेकून दिलं तेव्हा ती तिन्ही कामं उघडी पडली. बाबांनी दुसरा खोका आणला तो काही मुलाचे लाड म्हणून नव्हे.

मी कुटुंबाकडे एक अख्खी यंत्रणा म्हणून बघणारी समुपदेशक आहे. एका माणसाच्या सवयीत अडकून राहायला मला आवडत नाही. खाण्याच्या बाबतीत मला एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंची जबाबदारीची वाटणी पटते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. बहुतेक घरांत नेमकं उलटं चाललेलं असतं: काय हे मूल ठरवतं आणि किती यावर मोठी माणसं डोळे वटारतात. या घरात मुलाकडे ‘किती’ होतं, तेही आई काढून घ्यायला निघाली होती. मी म्हटलं, ‘किती’ त्याच्याकडेच राहू दे. आपण फक्त ‘काय’ बदलू, आणि तेही त्याला बरोबर घेऊन.

आवाज हवा तर कुरकुरीत हवं, म्हणून भिजवलेले ओट्स पहिल्या फेरीतच बाद. आम्ही घरचा ग्रॅनोला, म्हणजे ओट्स-सुकामेव्याचं भाजलेलं कुरकुरीत मिश्रण, ठरवला. प्रमाण असं: जाडे ओट्स २०० ग्रॅम (झटपट शिजणारे बारीक घेऊ नका, त्यांचा भुगा होतो), बदाम-अक्रोडाचे तुकडे ५० ग्रॅम, दोन मोठे चमचे सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया, दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे मध, एक मोठा चमचा बिनसाखरेची कोको पावडर, दालचिनी आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय गोडी खुलत नाही. सगळं हाताने चोळून ताटात पातळ पसरायचं, ओव्हन १५० अंशांवर, साधारण २५ मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, पण मग तिथून हलायचं नाही. गरम असताना ते मऊच लागतं आणि मंडळी घाबरून आणखी भाजतात. थांबा. गार झाल्यावर कुरकुरीत होतं. मनुका घालायच्या तर भाजून झाल्यावर, नाहीतर खडे होतात. घट्ट झाकणाच्या बरणीत दोन आठवडे छान राहतं.

यात मध आहे, आणि मध म्हणजे साखरच. ‘नैसर्गिक’ या शब्दाने शरीर फसत नाही. पण इथे १०० ग्रॅमला दहाच्या आसपास वरची साखर पडते. शिवाय ओट्स-सुकामेव्याने पोट लवकर भरतं, त्यामुळे मूल आपणहून कमी ओततं. खोक्यातल्या गोळ्यांचं पीठ उष्णता आणि दाबाखाली शिजवून फुलवलेलं असतं. त्यातलं स्टार्च झपाट्याने पचतं, आणि दहा वाजता वर्गात पोटात कावळे ओरडू लागतात. ओट्समधला विरघळणारा तंतू आणि सुकामेव्यातली चरबी-प्रथिनं हा वेग कमी करतात.

बाबांनी इथे एक रास्त प्रश्न काढला. “पण खोक्यात व्हिटॅमिन असतात, लोह असतं. छापलंय तसं.” खरं आहे, असतं. वरून मिसळलेलं असतं, पण असतं. मी असल्या प्रश्नांना हसण्यावारी नेत नाही. ज्या मुलाचं बाकी खाणं मोजकं आहे, त्याचा खोका काढला तर लोहाचा एक खात्रीचा मार्ग बंद होऊ शकतो. म्हणून नुसते ओट्स-दूध पुरे समजू नका. आठवड्यातून काही दिवस अंडं, रोज एखादं फळ, बिया, आणि दिवसभरात डाळी-पालेभाज्या. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. मूल मोजून चार-पाचच पदार्थ खात असेल, वजन वाढत नसेल, विशिष्ट स्पर्शाच्या अन्नाने त्याला उलटीची उबळ येत असेल, तर आधी त्यांच्याकडेच जा. तिथे ग्रॅनोलाने काही होणार नाही. आणखी एक: वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा सुकामेवा नको, घशात अडकतो.

आता बदल कसा करायचा. एकदम नाही. पहिल्या आठवड्यात तीन भाग खोका, एक भाग घरचं, दोन्ही एकाच मोठ्या बरणीत. दुसऱ्यात निम्मं-निम्मं. तिसऱ्यात उलटं. आणि लपवाछपवी करायची नाही. मुलाला माहीत हवं, किंबहुना मिसळणारा तोच हवा. नवी चव आवडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. दुसऱ्याच दिवशी “बघा, नाही आवडलं त्याला” म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

‘शेवटचं दूध’ जायला नको, म्हणूनच ती कोको पावडर. खोक्याइतकं गोड होत नाही. पहिल्या आठवड्यात मुलाने स्पष्ट सांगितलं, “हे दूध कडू आहे.” आईने मला फोन केला, साखर घालू का? मी म्हटलं, पिकलेलं अर्धं केळं कुस्करून घालायचं का ते त्याला विचारा. विचारलं. त्याने घातलं. केळं कुस्करणं हा नंतर त्याचा खास कार्यक्रम झाला. काट्याने, बराच वेळ, टेबलभर.

खरी परीक्षा मुलाची नव्हती. तिसऱ्या आठवड्यात आई एकटी आली आणि म्हणाली, “मॅडम, तो अर्धा वाडगा टाकून उठला. मी काही बोलले नाही. पण माझे हात थरथरत होते.” तिच्या आईने तिला कधी ताटात अन्न टाकू दिलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही ओट्सबद्दल बोललोच नाही. मुलगा मधल्या सुट्टीत डबा पूर्ण संपवून आला होता, हे तिने अगदी उठता उठता, दारात सांगितलं, जणू त्याचा याच्याशी काही संबंधच नव्हता.

खोका घरातून पूर्ण गेला नाही. रविवारी सकाळी तो निघतो आणि कुणी त्यावर भाष्य करत नाही, हे आम्ही ठरवूनच ठेवलं. पूर्ण बंदी घातली की कपाटातल्या त्या एका कोपऱ्याचं आकर्षण वाढतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की या मुद्द्यावर मी वाद घालत नाही.

शेवटच्या भेटीला तिघं आले. मुलाने बरणी आणली होती. दर शनिवारी संध्याकाळी तो ती भरतो. ओव्हन बाबा लावतात, मिसळणं त्याचं. झाकणावर कागद चिकटवलेला, त्यावर पेन्सिलने घटक लिहिलेले, आणि खाली खोक्यावर असते तशी एक ओळ: ‘एका वेळचं प्रमाण – भूक असेल तेवढं.’

बरणी मात्र निम्मी रिकामी होती आणि तो वैतागला होता. “मावशी, आठवडाभर पुरायला हवी ना? बाबा रात्री टीव्ही बघताना मुठीने खातात. गुरुवारीच संपते.”

बाबा छताकडे बघत होते.

“मग?” मी विचारलं.

“त्यांना सांगा ना तुम्ही.”

मी सांगितलं नाही. शनिवारी दुप्पट करायचं की बाबांची वेगळी बरणी ठेवायची, यावर तिघांचं माझ्यासमोर दहा मिनिटं भांडण झालं, आणि निकाल लागायच्या आत वेळ संपली.