भारतातल्या गे माणसाला अमेरिकन ड्रामा सिरीयल्समध्ये एवढं काय सापडतं?

प्रश्न विचारणाऱ्याने खाली लिहिलंय की त्याचा एक गे मित्र आहे, तो सारखा अमेरिकन ड्रामा सिरीयल्स बघत असतो, ती माणसं वेगळी, घरं वेगळी, कायदे वेगळे, मग याला त्यात स्वतःचं काय दिसतं, आणि मला बघायचं झालं तर सुरुवात कुठून करू. चांगल्या मनाने विचारलंय असं वाटलं म्हणून जरा ऐसपैस लिहितोय. मी गे आहे, चाळिशी गाठलीय, वाढलो डोंबिवलीत आणि आता पुण्यात असतो, आणि हे वेड मला शाळेपासूनचं आहे. सगळ्या गे लोकांच्या वतीने बोलायचं कंत्राट काही माझ्याकडे नाही, माझ्या ओळखीतले दोघेतिघे फक्त क्रिकेट बघतात आणि सुखात आहेत.

बहुतेकांना वाटतं आम्ही तिथलं मोकळं ढाकळं वातावरण बघायला जातो, सरळ सांगायचं तर किसिंग बघायला. सोळाव्या वर्षी तेही होतंच, नाही कशाला म्हणू. पण त्यासाठी कोणी साठ-साठ भाग बसत नाही हो. मला खिळवून ठेवलं ते भांडणांनी. दोन पुरुष एका घरात राहतात, भांडी कुणी घासायची, तुझी आई अजून किती दिवस राहणार, चारचौघांत माझ्याशी असं का बोललास यावरून कचाकचा भांडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर कॉफी पीत बसतात, हे मी तोपर्यंत कुठेच पाहिलं नव्हतं, ना सिनेमात ना शेजारीपाजारी. सिनेमात गे माणसाला मिळतात दोन तास. तेवढ्यात त्याने रडायचं, घरी सांगायचं आणि जमलं तर मरायचं. सिरीयलवाल्यांना मात्र वर्षाला बारा-तेरा, कधी बावीस-बावीस भाग भरायचे असतात, मग तो लेखक त्या पोराला किती वेळा 'मी गे आहे' म्हणायला लावणार? दोनदा म्हणून झालं की त्याला नोकरी द्यावी लागते, सासू द्यावी लागते, घराचे हप्ते द्यावे लागतात. म्हणजे नाइलाजाने का होईना, त्याला आयुष्य द्यावं लागतं. माझं सगळं प्रेम या नाइलाजावर आहे.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे 'सिक्स फीट अंडर'. एचबीओ या अमेरिकन चॅनेलवर २००१ ते २००५ चालली, पाच सीझन, ६३ भाग. लॉस एंजेलिसमधलं फिशर कुटुंब, त्यांचा धंदाच अंत्यसंस्काराचा, घरातच तळघरात मयताची तयारी होते आणि वर ही सगळी राहतात, जेवतात, भांडतात. जवळजवळ प्रत्येक भाग कुणाच्या तरी मरणाने सुरू होतो, पहिल्याच भागात तर घरचा बापच जातो. लिहिणारा ॲलन बॉल स्वतः गे. यातला मधला मुलगा डेव्हिड, मोठा भाऊ घर सोडून लांब गेलेला आणि हा बापाच्या हाताखाली धंदा सांभाळत राहिलेला, सूट-टाय, चर्चमध्ये मान, केस चापूनचोपून. आणि त्याचं चोरून प्रेमप्रकरण चालू असतं कीथ नावाच्या एका काळ्या पोलिसाशी, ज्याला लपवाछपवी अजिबात मान्य नाही.

या डेव्हिडला मी बघितल्या बघितल्या ओळखलं. आपल्याकडे असतो ना एक मुलगा, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी पै-पैच्या हिशोबाने जमवणारा, सगळ्या काकूंचा लाडका, ज्याचं नाव घेऊन बाकीच्या पोरांना बोलणी बसतात, तोच हा. इतकं गुणी वागायचं की कुणाला आणखी काही विचारायचं सुचूच नये. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे एक भाग आहे, त्यात एका तरुण मुलाला गे म्हणून रस्त्यात मारून टाकतात आणि त्याचं प्रेत फिशरांकडे येतं. चेहऱ्याची पार वाट लागलेली असते आणि तो चेहरा शेवटच्या दर्शनासाठी नीट करायचं काम डेव्हिडकडे. या सिरीयलमध्ये मेलेली माणसं जिवंतांशी बोलतात, भूत वगैरे नाही, समोरच्याच्याच मनातलं बोलतात. तर तो मेलेला मुलगा तिथे उभा राहून डेव्हिडला काय काय ऐकवतो, आपण घाणेरडे आहोत, आपल्याला देवाकडे जागा नाही, असलं सगळं. आणि डेव्हिड हातातलं काम सोडत नाही. हातमोजे घातलेत, रंग लावतोय, टाके झाकतोय आणि ऐकतोय. कुणी शिव्या दिल्या तर निदान उलट बोलता येतं, आपल्याच डोक्यातल्या आवाजाला काय बोलणार. मी तो भाग एका बैठकीत पूर्ण करू शकलो नव्हतो.

बरं, आता 'बघायचास कुठे' हा प्रश्न येईल. सुरुवातीला टीव्हीवरच, हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. हे लोकांना पटत नाही पण त्यातच गंमत होती. आईबाबांना पोरगा इंग्रजी चॅनेल बघतोय याचं कौतुक, इंग्रजी सुधारेल, इंटरव्ह्यूला उपयोग होईल, आल्यागेल्याला सांगायचे सुद्धा. त्या वेगाचं अमेरिकन इंग्रजी घरात कुणालाच धड कळत नव्हतं त्यामुळे स्क्रीनवर एखादा मुलगा वडिलांना आपलं खरं सांगतोय आणि आई शेजारी बसून मेथी निवडतेय असं आमच्याकडे व्हायचं. तोच सीन मराठीत किंवा हिंदीत लागला असता तर मी पाणी प्यायला म्हणून उठून गेलो असतो. म्हणजे जे बघताना लाज वाटली असती ते इंग्रजीत असल्यामुळे अभ्यासात जमा झालं. पुढे हॉस्टेलला हार्ड डिस्क हातोहात फिरायला लागल्या आणि टीव्हीची गरजच उरली नाही.

टीव्हीवर तसाही कापाकापीचा कहर होता. दोघं एकमेकांकडे बघतायत, जरा जवळ आले, की थेट पुढचा सीन, आता दोघं रुसून का बसलेत ते तुम्ही ओळखा. काही शब्दांना आवाजच बंद, नुसतं तोंड हलतंय. पण याचं सगळं खापर आपल्या सेन्सॉरगिरीवर फोडू नका, अमेरिकेतले लोक पण काही कमी घाबरट नव्हते. १९८९ मध्ये तिथे एबीसी चॅनेलवर 'थर्टीसमथिंग' नावाच्या सिरीयलमध्ये दोन पुरुष पलंगावर बसून नुसतं बोलताना दाखवले तर जाहिरातदार पळाले, चॅनेलचं दहा लाख डॉलरच्या वर नुकसान झालं. १९९४ मध्ये 'मेलरोज प्लेस'मध्ये दोन पुरुषांचा किस ठरला होता, फॉक्स चॅनेलने ऐन वेळी कॅमेरा दुसरीकडे वळवला. नेटवर्क टीव्हीवर, म्हणजे एबीसी-फॉक्ससारख्या देशभर दिसणाऱ्या चॅनेल्सवर, प्राइम टाइमला, दोन पुरुषांचा प्रेमाने घेतलेला पहिला किस म्हणून जो सांगितला जातो तो यायला मे २००० उजाडलं, 'डॉसन्स क्रीक'मध्ये जॅक नावाच्या शाळकरी मुलाचा. त्याच जॅकला त्याआधीच्या सीझनमध्ये इंग्रजीचा मास्तर भर वर्गात त्याने लिहिलेली कविता मोठ्याने वाचायला लावतो, त्यात एका मुलाबद्दलची ओढ असते, जॅक वाचता वाचता रडायला लागतो तरी मास्तर सोडत नाही. मराठी मीडियमला शिकलेल्या कुणालाही तो मास्तर ओळखू येईल, आडनावासकट. तो किस दाखवायचाच म्हणून हट्ट धरणारा लेखक ग्रेग बर्लांटी, आणि गंमत बघा, पुढे 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' चालवणाऱ्यांतही हाच होता.

आता 'ब्रदर्स अँड सिस्टर्स', २००६ ते २०११, हा तर सरळ सरळ आपला कार्यक्रम आहे. माझा पार्टनर अमेरिकन काही बघत नाही, त्याला रोज संध्याकाळी मराठी सिरीयल लागते, तो मागून जाता जाता म्हणाला हे आणि माझं सेमच आहे की, फक्त यांच्याकडे चहाऐवजी वाइन आहे. खोटं नाही ते. कॅलिफोर्नियातलं पासाडेना, वॉकर कुटुंब, आई नोरा म्हणजे सॅली फील्ड ही अभिनेत्री, पाच मुलं आणि एकाच्याही पोटात काही राहत नाही, एकीला गुपित सांगितलं की दहा मिनिटांत फोनाफोनी होऊन पाचही घरांत. प्रत्येक जेवणाला भांडण, कुणीतरी ताट सोडून उठणार. यातला केव्हिन वकील, गे, तिरसट, जरा स्वार्थी सुद्धा, आणि त्याचा स्कॉटी शेफ. केव्हिन गे आहे हे घरात सगळ्यांना माहितीये आणि त्याचं कुणाला काही नाही, सगळ्यांचा आक्षेप त्याच्या खवचट बोलण्याला. गे माणसाला खवचट असायची मुभा! आपल्याकडे दाखवलाच तर तो एकतर विनोदी तरी असतो नाहीतर इतका सोशिक की त्याच्या पाया पडावं.

मे २००८ मध्ये या दोघांचा कमिटमेंट सेरेमनी, म्हणजे लग्नासारखाच पण कायद्याने लग्न नसलेला सोहळा, दाखवला, आणि त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने अशा जोडप्यांच्या लग्नाला खरोखर परवानगी दिली, आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून ती काढूनही घेतली. तेव्हा आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जसंच्या तसं होतं. पुढे २००९ ला दिल्ली हायकोर्टाने ते बाजूला केलं, डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने परत लागू केलं, सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांच्या सहमतीच्या संबंधांपुरतं एकदाचं गेलं. दिलं, काढलं, परत दिलं हा खेळ दोन्हीकडे झाला त्यामुळे 'ते पुढे आणि आपण मागे' एवढं सरळ गणित मी मांडत नाही. २०१५ ला त्यांच्याकडे देशभर लग्न आलं, आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, हे मात्र आहे, आणि ते रोजच्या कागदपत्रांत टोचतं.

पण मला त्यातलं सगळ्यात जास्त लागलं ते सॉल मामा. नोराचा भाऊ, साठी उलटलेला, एकटा, बहिणीच्या मुलांवर जीव टाकणारा, आणि आयुष्यभर लपवून आता त्या वयात कबूल करतो की मी गे आहे. भाच्याला जे सहज मिळालं ते त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच टेबलावर. आता मला सांगा, आपल्याकडे कुठल्या आजोळी एक बिनलग्नाचा मामा नसतो? 'त्यांनी लग्नच केलं नाही' एवढ्यावर विषय मिटलेला. माझ्या आईचेही एक मामा होते, बँकेत होते, दर दिवाळीला त्यांचे एक मित्र यायचे, तेच चिवड्याला फोडणी द्यायचे. सॉलचे भाग बघितल्यावर मी आईला फोन करून विचारलं की मामा गेल्यावर त्या मित्रांचं पुढे काय झालं. आई म्हणाली, कोण मित्र? मग जरा वेळाने म्हणाली, हां ते, ते आले होते दहाव्याला, जेवायला थांबले नाहीत.

तर हे दिसतं त्यात, तुम्ही विचारलंत म्हणून. वय झालेला गे माणूस. तरुण, देखणा, जिममधला हवा तेवढा मिळतो, पण आपण पन्नाशीत, सत्तरीत कसे दिसू याचं चित्र आमच्या पिढीसमोर नव्हतंच. 'सिक्स फीट अंडर'चा शेवट त्यासाठी बघायचा (ज्याला सिरीयल बघायची असेल त्याने पुढचं वाक्य गाळा). २००५ मध्ये, म्हणजे अख्ख्या अमेरिकेत एकट्या मॅसॅच्युसेट्समध्ये अशी लग्नं होत होती तेव्हा, त्यांनी शेवटच्या काही मिनिटांत पुढची कित्येक दशकं पळवली आणि त्यात डेव्हिड-कीथचं लग्न आहे, दत्तक घेतलेली मुलं मोठी झालेली आहेत, आणि डेव्हिड चक्क म्हातारा होऊन घरच्या माणसांत मरतो.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. घरं अवाढव्य, पैसा कुठून येतो कळत नाही, बहुतेक सगळे गोरे. गे माणसाला भाड्याचं घर मिळायची मारामार वगैरे त्यांच्या गावी नाही. 'हाऊ टू गेट अवे विथ मर्डर' ही सिरीयल मला कथानक म्हणून शेवटी शेवटी झेपेना, पण त्यातला ऑलिव्हर एचआयव्ही पॉझिटिव्ह असून पुढे त्याचा संसार चालू राहतो आणि त्याचा जोडीदार कॉनर प्रेप नावाची, एचआयव्हीची लागण टाळणारी गोळी घेतो, ही माहिती माझ्यासारख्या कित्येकांना डॉक्टरच्या आधी या सिरीयलने दिली, ते श्रेय द्यायलाच हवं. आणि हल्लीच्या आठ-आठ भागांच्या सीझनवर माझा जरा राग आहे. 'द लास्ट ऑफ अस'चा २०२३ मधला बिल आणि फ्रँक या जोडप्याचा भाग सगळ्यांना रडवून गेला, मला पण, पण तो शेवटी सव्वा तासाचा सिनेमाच झाला, दोघांचं अख्खं आयुष्य एका भागात गुंडाळलं. आठ भागांत भांडी कुणी घासायची यावर वाद घालायला कोण वेळ देणार.

सुरुवात कुठून करू याचं उत्तर: घरी आईवडिलांसोबत किंवा बायकोसोबत बघणार असाल तर 'ब्रदर्स अँड सिस्टर्स', पहिले चार-पाच भाग अमेरिकन राजकारण आणि इराक युद्धावरून डोकं उठवतात ते सोसा. एकटे असाल तर 'सिक्स फीट अंडर', पण जेवताना नको, आणि रोज एकच भाग. शेवटची ती काही मिनिटं यूट्यूबवर आधी बघायचा मोह होईल, सगळेच तिथली लिंक पाठवत असतात. ती उघडू नका. मित्राला विचारा तो आत्ता कुठल्या सीझनवर आहे आणि त्याच्यासोबत बसा, मध्ये मध्ये 'हा कोण' विचारलंत तरी तो चिडणार नाही, आम्हाला सांगायला आवडतं.