न्यूमोनियाची लस पूर्ण दिली, तरी मुलाला न्यूमोनिया झालाच. मग ती लस कशाला?

लस फसवी नाही. न्यूमोनिया विषाणूंमुळेही होतो आणि त्यांच्याशी या लसीचा काही संबंध नाही. पण रिपोर्टमध्ये न्यूमोकोकस, म्हणजे ही लस ज्याच्यावर आहे तो जंतू, आला असेल, तर पुढचं वाचा.

मी सोलापुरात एका लॅबमध्ये कल्चर लावतो, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघतो. मेंढीचं रक्त घातलेल्या प्लेटवर नमुना ओढायचा, प्लेट बरणीत ठेवायची, आत मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती विझेपर्यंत आत कार्बन डायऑक्साइड वाढतो. न्यूमोकोकसच्या स्वारीला तेच मानवतं. दुसऱ्या दिवशी जंतूंच्या ठिपक्यांभोवतीचं रक्त हिरवट पडतं. आणखी थांबलं की ठिपके मधोमध खचतात, कारण हे जंतू स्वतःचीच भिंत विरघळवून फुटतात. फुटताना न्यूमोलायसिन हे विष सुटतं. तेच फुप्फुसात पेशींना भोकं पाडतं.

एरवी हा जंतू लहान मुलांच्या नाकाघशात मुकाट राहतो. फ्लू झाला की खाली उतरायला त्याला वाट मिळते.

खरी मेख त्याच्या अंगावरच्या साखरेच्या आवरणात आहे. आपल्या भाषेत चादर म्हणा. ती इतकी बुळबुळीत, की पांढऱ्या पेशींच्या हाती तो लागतच नाही. लस शरीराला त्या चादरीची नक्षी ओळखायला शिकवते. पण नक्ष्या आहेत १०० च्या आसपास, आणि पुण्यात बनणाऱ्या न्यूमोसिल लसीत त्यातल्या १०. ज्यांच्यामुळे मुलं जास्त दगावतात, त्या निवडून घेतलेल्या, बाकीच्या मोकळ्याच. अमेरिकेत २००० साली ७ प्रकारांवरची लस आली, ते प्रकार हटले आणि रिकाम्या जागेत १९ए नावाचा प्रकार माजला. मग २०१० मध्ये १३ प्रकारांची लस आणावी लागली. त्यातला ३ नंबरचा प्रकार तर महाबिलंदर: चादर अंगावरून सोडून देतो आणि प्रतिपिंडं त्या सुट्या चादरीलाच बिलगत बसतात.

शिवाय हे जंतू शेजारच्या मेलेल्या जंतूचा डीएनए उचलून चादरच बदलू शकतात. ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये बिनचादरीचे जिवंत आणि चादरवाले मेलेले जंतू एकत्र उंदरांना टोचले, तर उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात चादरवाले जिवंत जंतू सापडले!

तुम्ही ‘पूर्ण’ म्हणता, तरी कार्ड एकदा काढून बघा. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, असे तीन डोस असतात. नवव्या महिन्याचा बूस्टर बऱ्याच घरांत राहून जातो.