भारताचा २३ वर्षांखालचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकला का पोचत नाही? धुळ्यातल्या पोराने ते स्वप्न बघावं का?

तुम्ही विचारलंय की २०२५ मध्ये दोहात दोन सामने जिंकूनही आपला २३ वर्षांखालचा संघ बाहेर कसा पडला, ऑलिम्पिक दर वेळी असं थोडक्यात का हुकतं, आणि धुळ्यात फुटबॉल खेळणाऱ्या तुमच्या बारा वर्षांच्या पुतण्याला हे स्वप्न दाखवावं की नाही. मी भुसावळला शाळेत पीटी शिकवतो आणि गेली एकोणीस वर्षं सकाळ-संध्याकाळ पोरांना घेऊन ग्राउंडवर असतो. त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दोहातली ती फेरी ऑलिम्पिकची नव्हतीच, ती २३ वर्षांखालच्या आशियाई चषकाच्या पात्रतेची होती. पुरुषांच्या ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये १९९२ पासून २३ वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि १९९६ पासून फक्त तीन मोठ्या खेळाडूंची सूट. आशियातून तिथे जायची वाट याच चषकातून जाते. हा चषक ऑलिम्पिकच्या वर्षी झाला की त्यातले वरचे संघ ऑलिम्पिकला जातात. पॅरिससाठी २०२४ मध्ये कतारला तो झाला. जपान, उझबेकिस्तान आणि इराक थेट गेले. चौथ्या इंडोनेशियाला गिनीशी आणखी एक सामना खेळावा लागला आणि तो ते हरले. आपण त्या सोळा संघांतसुद्धा नव्हतो. आजपर्यंत एकदाही नाही. म्हणजे आपण ऑलिम्पिकच्या दारातून परत येत नाही, दाराच्याही आधीच्या जिन्यावरून परत येतो. 'थोडक्यात हुकलं' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. दुखणं कुठे आहे तेच त्याने दिसेनासं होतं.

तरीही दोहाची ती तीन सामन्यांची फेरी मी विसरणार नाही. पहिल्या सामन्यात बहारीनला २-० हरवलं. दुसरा सामना यजमान कतारशी, ६ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या मिरवणुकीत माझी पोरं लेझीम खेळत होती आणि मी बाजूला एका दुकानाच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसलो होतो. गर्दीत नेटवर्क येत-जात होतं, नुसता स्कोअर दिसत होता. ०-१. मग बऱ्याच वेळाने १-१. मी ओरडलो तर ढोलाच्या आवाजात कोणाला ऐकूही गेलं नाही. गोलकीपर असणारा एक पोरगा तेवढा धावत आला, गुलालाने माखलेल्या हाताने त्याने मोबाईल घेतला आणि नेमकं तेव्हाच पेनल्टीवर २-१ झालं. तो काही बोलला नाही. मोबाईलची काच शर्टाने पुसून त्याने परत दिला. तिसऱ्या सामन्यात ब्रुनेईला ६-० हरवलं, सहा गुण झाले, गटात दुसरे आलो. पण अकरा गटांचे विजेते आणि फक्त चार सर्वोत्तम उपविजेते पुढे जाणार होते. त्या चारांत आपण बसलो नाही.

आता २०२३ ची आठवण काढा, कारण पॅरिसची वाट खरी त्या वेळी होती. चीनमध्ये दालियानला पात्रतेचा गट होता. मालदीवने माघार घेतल्यामुळे तीनच संघ उरले. चीनकडून १-२, अमिरातीकडून ०-३, आणि संपलं. त्याच महिन्यात आशियाई खेळांसाठी हांगझोऊला गेलेला आपला संघ आदल्या संध्याकाळी पोचला आणि दुसऱ्या दिवशी चीनशी खेळला. १-५. क्लब खेळाडू सोडायला तयार नव्हते, सरावाला वेळच मिळाला नव्हता. २०२५ च्या संघाने मात्र जूनमध्ये ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तानशी, मग ऑगस्टमध्ये इराकशी सामने खेळून घेतले होते. शून्य गुणांवरून सहा गुणांवर आपण दोन वर्षांत आलो ते कुठल्या जादूने नाही. ही पोरं आधी एकत्र खेळली होती, एवढंच. मला जे सांगायचंय ते सगळं इथेच आहे: आपल्या पोरांना सामने कमी पडतात. गुण, ताकद, उंची, आहार यांवर वाद घालत बसा, पण सामने कमी पडतात हे मोजून दाखवता येतं.

जुन्या काळाचा दाखला लोक हमखास देतात, म्हणून दोन ओळी. १९४८ ला लंडनला आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले आणि दोन पेनल्टी वाया घालवून फ्रान्सकडून १-२ हरले. १९५६ ला मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, ४-२ जिंकलो, चौथे आलो. १९६० च्या रोमनंतर ऑलिम्पिक नाही. मेलबर्नचं यश खरंच मोठं, त्याला माझा नमस्कार आहे. पण तेव्हा स्पर्धेत अकराच संघ होते आणि हंगेरीने माघार घेतल्याने पहिल्या फेरीत आपल्याला न खेळताच पुढे चाल मिळाली होती. आजची चाळणी फार बारीक आहे. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये तर पुरुषांचे सोळाऐवजी बाराच संघ असतील.

मला मेलबर्नपेक्षा ताश्कंदकडे बघावंसं वाटतं. उझबेकिस्तानची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक तृतीयांश. समुद्र नाही, हिवाळा हाडं गोठवणारा. पॅरिसच्या आधी तेही कधी ऑलिम्पिक फुटबॉलला गेले नव्हते. त्यांनी काय केलं? तरुण पोरांचा 'ऑलिम्पिक' नावाचा एक क्लबच काढला आणि तो देशाच्या लीगमध्ये मोठ्या माणसांच्या संघांविरुद्ध उतरवला. विशीतली पोरं दर आठवड्याला तिशीतल्या बचावपटूंचे धक्के खात खेळली. आता मला खरंच वेदना होते ते सांगतो. हे आपणही केलं होतं! इंडियन ॲरोज. २०१० ला सुरू, मध्ये बंद, २०१७ ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकातली पोरं घेऊन पुन्हा सुरू, आणि २०२२ ला पुन्हा बंद. उझबेक पोरं लीगमध्ये रुळत होती तेव्हाच आपण आपलं दुकान आवरलं. त्यात भर म्हणून आयएसएलचा, म्हणजे देशाच्या मुख्य फुटबॉल लीगचा, २०२५-२६ चा मोसम महिनोन्‌महिने लांबला. वीस-एकवीस वर्षांच्या खेळाडूचे असे महिने कोण भरून देणार?

पण दोष फक्त दिल्लीवर टाकून मी मोकळा होणार नाही, कारण तूट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. माझ्याच ग्राउंडवर सुरू होते.

माझ्याकडे एक लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, होता. बाप रेल्वेत ट्रॅकमन, मूळचा अमळनेरकडचा. पोरगा सहावीत आला तेव्हा शिनगार्ड म्हणून मोज्यात पुठ्ठा घालायचा. वेग असा की विंगर पुढे निघून गेला तरी हा दहा पावलांत गाठायचा. सतराव्या वर्षी मी त्याला एका मोठ्या शहरातल्या अकादमीच्या ट्रायलला नेलं. रात्रीच्या गाडीने, जनरल डब्यात. सकाळी टर्फवर उतरला. पहिल्या वीस मिनिटांत तीनदा चेंडू त्याच्या पायातून गेला. तिथले प्रशिक्षक भले गृहस्थ होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरगा फास्ट आहे, पण मान वर करत नाही."

परतीच्या प्रवासात ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण मान खाली ठेवायला त्याला मीच शिकवलं होतं. मी म्हणजे माझ्या ग्राउंडने. आपल्याकडची काळी जमीन तुम्हाला सांगायला नको. एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत तीच माती बुटाला किलोभर चिकटते. चेंडू ढेकळावर आपटून कुठे उडेल याचा नेम नाही. म्हणून पोरगा शेवटच्या क्षणापर्यंत नजर चेंडूवरच ठेवतो. पहिला टच झाल्यावर मान वर करतो, आणि तोवर सपाट मैदानावर वाढलेला प्रतिस्पर्धी त्याच्या अंगावर आलेला असतो. चेंडू यायच्या आधीच आजूबाजूला बघून ठेवायचं हे आजच्या फुटबॉलचं अर्धं शिक्षण, आणि तेच त्याला मिळालं नाही.

घरी येऊन मी माझी वही काढली. कोण कधी खेळलं ते मी त्यात लिहितो. बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत त्या पोराचे खरे सामने किती? फक्की मारलेलं मैदान, पंच, दोन्हीकडे अकरा, असे? एकतीस. सहा वर्षांत. चांगल्या अकादमीतलं पोरगं तेवढे एका मोसमात खेळतं. कारण आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुक्याला हरलात की वर्ष संपलं. जिल्ह्याला पोचलात तर आणखी दोन सामने, विभागाला गेलात तर आणखी एक. कधी समोरची शाळा येतच नाही आणि वॉकओव्हर मिळतो. पोरं टाळ्या वाजवतात, आणि माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण तो एक सामना गेला.

कोल्हापूरचं उदाहरण म्हणूनच देतो. तिथे पेठा-तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर लीग होते, पाटाकडील तालमीचा सामना असला की लोक कामधंदा सोडून येतात. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, यात मला योगायोग दिसत नाही. खान्देशचे तीन जिल्हे मिळून २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ऐंशी लाख लोक. इथे पायात वेग नाही असं कोणी म्हणावं? नंदुरबारकडची, सातपुड्यातली आदिवासी पोरं पळताना बघा एकदा. कमी आहे ती लीग.

त्या लेफ्ट बॅकच्या वडिलांनी तेव्हा मला विचारलं होतं, "सर, हाऊ खेय खेयीसन काय भेटी?" म्हणजे हा खेळ खेळून काय मिळणार? त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरगा आता नोकरीत आहे आणि रविवारी माझ्या लहान पोरांना शिकवायला येतो.

आता तुमच्या पुतण्याचं. तो बारा वर्षांचा, म्हणजे २०१३-१४ च्या सुमाराचा जन्म धरतो. लॉस एंजेलिससाठी १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा जन्म लागेल, ते त्याचं ऑलिम्पिक नाही. २०३२ च्या ब्रिस्बेनला तो अठरा-एकोणीसचा असेल, अवघड. पण २०३६ ला २३ वर्षांखालच्या संघासाठी सीमा २०१३ च्या जन्माची येते. तो बरोबर त्यात बसतो, आणि वयाने सगळ्यात पिकलेल्यांमध्ये. त्या वर्षाच्या यजमानपदासाठी भारताने २०२४ मध्ये इरादापत्र दिलंय. यजमानाला पात्रता खेळावी लागत नाही. ते मिळालं तर ठीकच, नाही मिळालं तरी वय त्याच्या बाजूने आहे. तेव्हा दाखवा स्वप्न. खुशाल दाखवा.

फक्त काही गोष्टी आजच करा. जन्मदाखला बघा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून लावलेली असते. दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. फुटबॉल महासंघ लहान वयोगटांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वयही तपासतो. माझी दोन चांगली पोरं कागदातल्या घोळामुळे घरी बसली, त्यांचा खेळ कोणी बघितलासुद्धा नाही.

दुसरं, मान वर करायची सवय. यासाठी टर्फ लागत नाही. आम्ही ग्राउंडच्या कोपऱ्यात वीस बाय पंधरा मीटरचा तुकडा मुरूम टाकून, रोलर फिरवून सपाट केला. एक पोरगा पास देतो, दुसरा घेतो, आणि तिसरा घेणाऱ्याच्या मागे उभा राहून बोटं वर करतो. चेंडू पायाशी यायच्या आत मागे वळून बघून आकडा सांगायचा. पहिला आठवडा सगळी चुकतात. दोन महिन्यांत नववीतली पोरं न चुकता सांगायला लागली. अंगणात, गच्चीवर, कुठेही करता येईल. उन्हाळ्यात मात्र सकाळी साडेपाच ते सात, त्यानंतर नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पोरं पळवणं हा गुन्हा आहे.

घरात पुतणीही असेल तर तिलाही सोबत आणा. महिलांच्या ऑलिम्पिक फुटबॉलला वयाची अट नाही, लॉस एंजेलिसला त्यांचे सोळा संघ आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशियाई चषक गाठला.

आणि तिसरं, सामने. वही घाला आणि मोजा. वर्षाला वीस झाले नाहीत तर स्वतः भरवा, कोणाची वाट बघू नका. आम्ही भुसावळ, वरणगाव, दीपनगर आणि जळगाव असे चार संघ जमवलेत, १४ वर्षांखालचे. साखळी पद्धत, प्रत्येकाशी दोनदा, हरलं तरी पुढच्या रविवारी सामना आहेच. कप नाही, सत्कार नाही, सरबत आणि केळी. धुळ्याहून पाचवा संघ आला तर प्रत्येकाचे दोन-दोन सामने वाढतील. पुतण्यासोबत अकरा-बारा पोरं जमवा. दिवाळीनंतर सुरू करतोय, पहिला सामना सकाळी सात वाजता. बूट नसले तरी चालतील, शिनगार्ड मात्र प्रत्येकाला हवेत. पुठ्ठा नको, माझ्याकडे दहा जोड जास्तीचे आहेत.