टोनचं बटण कुठे थांबतं?

या महिन्यात बास गिटारच्या तारांविषयीच इतकी पत्रं आली की सगळी जागा त्यांनाच देते आहे.

प्रश्न : ताई, दोन वर्षं मी चार तारांचा बास वाजवतोय. विकत घेतला तेव्हाच्याच तारा अजून त्यावर आहेत. आता बदलायच्या म्हटलं तर राउंडवाउंड, फ्लॅटवाउंड, निकेल, स्टील... काय निवडावं तेच कळेना. आमचा ग्रुप जुनी सोल गाणी वाजवतो, थोडं रॉकही. तुम्ही कोणत्या लावाल?

उत्तर : कंपनीचं नाव सगळ्यांत शेवटी बघ. आधी वेढा ठरव, कारण तारेचा स्वभाव तिथे ठरतो.

बासच्या तारेत मधे पोलादाचा गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते, तोच वेढा. ही वरची तार गोल असेल तर राउंडवाउंड. तिच्यावर बोट फिरवलं की खाचा लागतात, आवाजाला धार असते, आस लांबते आणि हात सरकवला की खरखर ऐकू येते. वरची तार पट्टीसारखी चपटी असेल तर फ्लॅटवाउंड. ती बोटाखाली गुळगुळीत लागते, तिचा स्वर ठोस उठतो आणि लवकर विरतो. गोल वेढा घासून सपाट केलेल्या हाफराउंडही मिळतात. मला त्या कधी रुचल्या नाहीत. दोन्हीकडचं थोडं थोडं घेतात, पुरतं कुठलंच देत नाहीत.

धातूचं थोडक्यात सांगते. स्टेनलेस स्टील सगळ्यांत लखलखीत वाजतं, पण फ्रेट, म्हणजे नेकवरच्या (दांडीवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्या, लवकर झिजवतं. शुद्ध निकेल मऊ वाजतं. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद दोघांच्या मधे, आणि बहुतेकांचं काम त्यावर भागतं.

सोलचा बास म्हणून आपल्या कानात जो आवाज बसला आहे, तो मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमधला जेम्स जेमरसनचा. त्याच्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासवर जाड फ्लॅटवाउंड असत आणि तुटल्याखेरीज तो तार बदलत नसे. १९६० च्या दशकात रोटोसाउंड कंपनीच्या राउंडवाउंड आल्या. ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉन एन्टविसलने त्यांवर बासला असा काही कडकपणा आणला की तो गिटारच्या मागे न राहता पुढे येऊन बोलू लागला. तुझ्या ग्रुपला हे दोन्ही हवं आहे, हे मला दिसतंय.

तू सोलचं नाव आधी घेतलंस, तरी लगेच फ्लॅटवाउंड घे असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांच्या तारांच्या खाचांत घाम आणि कातडीचा मळ गच्च बसलेला असतो. तुझा बास खरा कसा बोलतो हे तू कितीतरी दिवसांत ऐकलेलंच नाहीस. आधी निकेलच्या मुलाम्याच्या राउंडवाउंड लाव, ४५-६५-८५-१०५ चा सेट (आकडे तारांच्या जाडीचे). महिनाभर वाजव आणि ग्रुपबरोबर, ड्रम चालू असताना वाजव, कारण खोलीत एकट्याने ऐकलेला बास फार फसवतो. तिथे छान भरदार वाटणारा खर्ज ड्रमच्या आवाजात विरघळून जातो, आणि एकट्याने ऐकताना बोचणारी धार तिथे नेमकी उपयोगी पडते.

या महिन्यात टोनचं बटण, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारं बटण, कुठे थांबतं त्यावर लक्ष ठेव. प्रत्येक गाण्यात हात आपसूक ते खाली आणत असेल, तर फ्लॅटवाउंड घे. बटण पूर्ण उघडंच राहत असेल, तर आहेत त्याच वेढ्यावर राहा. मी सात वर्षं राउंडवाउंड वाजवल्या आणि माझं बटण कायम अर्ध्याच्या खाली असे. एका रेकॉर्डिंगला फ्लॅटवाउंड लावलेला दुसऱ्याचा बास हाती आला आणि बटण पूर्ण उघडं ठेवून मी अख्खं गाणं वाजवलं. त्याच आठवड्यात माझ्या तारा बदलल्या.

प्रश्न : नमस्कार. मी पन्नाशीत बास शिकायला घेतला. तासाभरात डाव्या हाताची बोटं ठणकायला लागतात. पातळ तारा लावल्या तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण दुखण्याचं कारण तारेची जाडी नसून तिची उंची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. म्हणून आधी हे तपासा. बास सुरात लावा. मग पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर तीच तार एकाच वेळी दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते पाहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर, पुरेशी आहे. खूप जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला तिचा बाक सांभाळणारा दांडा, आवळावा लागेल, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. फट ठीक असूनही तारा उंच असतील तर बॉडीवरच्या ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते छोटे आधार, खाली घ्या.

एवढं करूनही दुखलं तर ४०-६०-८०-१०० चा सेट लावा. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात, म्हणजे ४० ची तार ०.०४० इंच जाड. फक्त आकडा बघून मात्र ठरवू नका. त्याच जाडीची फ्लॅटवाउंड बहुधा राउंडवाउंडपेक्षा कडक लागते. काही पाकिटांवर प्रत्येक तारेचा ताण छापलेला असतो, तो वाचा. बोटाला जाणवतो तो ताण.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. तारा पातळ झाल्या की नेकवरची ओढ कमी होते, नेक मागे जाते आणि तारा फ्रेटवर खणखणतात. पुष्कळ जण मग तारांना दोष देऊन त्या काढून टाकतात. तसं करू नका. गेज, म्हणजे तारेची जाडी, बदललं की ट्रस रॉड पुन्हा बघा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) दूर न्या. उतरलेला असेल तर पुढे घ्या.

प्रश्न : जुन्या तारा उकळल्या की नव्या होतात, हे खरं का?

उत्तर : नव्या होत नाहीत. मळ सुटतो, आवाज थोडे दिवस उघडतो आणि पुन्हा बसतो. नीट कोरड्या झाल्या नाहीत तर गंजतातही. वाजवून झालं की रोज सुक्या फडक्याने तारा पुसा, खालच्या बाजूनेसुद्धा. त्याने जास्त टिकतात.

प्रश्न : ताई, माझा बास छोटा, ३० इंची आहे. मित्राकडे ३४ इंची बासचा न वापरलेला सेट पडून आहे. कापून लावू का?

उत्तर : नको. त्याच सुरात लावलेली तीच तार नटपासून ब्रिजपर्यंत ३४ ऐवजी ३० इंचांवर आली की तिचा ताण सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. तुझी ई, म्हणजे सगळ्यांत जाड तार, आधीच सैलसर असणार, ती आणखी लुळी पडेल. शिवाय लांब तारेचं टोक पोस्टजवळ (तार गुंडाळायच्या खुंटीजवळ) बारीक व्हायच्या ऐवजी पूर्ण जाडीचंच राहतं. ते त्या अरुंद पोस्टभोवती वळवताना वेढ्यावर जोर येतो आणि तो फाकू शकतो.

हे माझ्या हातून घडलं आहे. घाईत मी जाड ई तार न वाकवता सरळ कापली. तिचा गाभा गोल होता, त्यामुळे कापल्या टोकाकडून वेढा आतल्या आत सैल झाला. तार सुरात आली, पण मुक्यासारखी वाजत राहिली. मी दोन दिवस पिकअपमध्ये (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागात) दोष शोधत होते. तेव्हापासून पोस्टच्या पुढे तीन-चार इंच तार मोजते, तिथे काटकोनात मोडते आणि मोडीच्या पलीकडे कापते.

तू टेप घे. ब्रिजवर तारेच्या टोकाचा धातूचा गोळा बसतो तिथपासून नटपर्यंत अंतर मोज, आणि सेटवर दिलेली वेढ्याची लांबी त्याहून थोडी जास्त आहे ना ते बघ. तार बॉडीच्या मागून ओवायची असेल तर गोळा मागे बसतो, तिथूनच मोज. लांबी जुळणारा छोट्या बासचा सेट आण आणि मित्राचा सेट मित्राकडेच राहू दे.