राज्य रिपब्लिकन, माणूस डेमोक्रॅट: मग जायचं कुठे?

प्रश्न: अमेरिकेच्या निवडणुका मी हौसेने फॉलो करते. डेमोक्रॅट पीट बुटिजेज इंडियाना राज्यातल्या एका शहराचा महापौर होता आणि २०२० ला थेट राष्ट्राध्यक्षपदासाठीच उतरला. मधल्या पायऱ्या का गाळल्या? सेनेटर, गव्हर्नर असं काही आधी करता आलं नसतं का?

उत्तर: गाळल्या कुठे, त्याला त्या मिळण्यासारख्याच नव्हत्या. २०१० मध्ये तो राज्याच्या खजिनदारपदासाठी लढला आणि रिपब्लिकन रिचर्ड मरडॉकने त्याला साधारण २५ टक्क्यांच्या फरकाने लोळवलं. साउथ बेंड शहर डेमोक्रॅट्सचं, म्हणून पुढच्याच वर्षी तिथे आरामात महापौर झाला, पण वेशीबाहेर पाऊल टाकलं की परत तेच, कारण १९६४ नंतर इंडियानाने डेमोक्रॅटला राष्ट्राध्यक्षपदासाठी कौल दिलाय तो एकदाच, २००८ ला ओबामाला.

सेनेट (तिथल्या संसदेचं वरचं सभागृह) म्हणजे तर माझ्या मते अशा माणसासाठी सापळाच. तिथे लोक उमेदवार कमी बघतात आणि वॉशिंग्टनमध्ये बहुमत कुणाचं होणार ते जास्त. रिपब्लिकन टेनेसी राज्याचा डेमोक्रॅट फिल ब्रेडेसन २००६ ला सगळ्याच्या सगळ्या ९५ काउंट्या (म्हणजे जिल्हेच) जिंकून परत गव्हर्नर झाला होता, तोच २०१८ ला सेनेटला उभा राहिला आणि जवळपास ११ टक्क्यांनी पडला! आता गंमत बघा, तोच मरडॉक २०१२ ला सेनेटला उभा होता, बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दल डिबेटमध्ये नको ते बोलून बसला आणि डेमोक्रॅट जो डॉनेली निवडून आला. म्हणजे समोरच्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची वाट बघायची. २०१८ ला तसं काही झालं नाही, डॉनेली घरी.

गव्हर्नरचं जरा वेगळं आहे (आपले राज्यपाल नव्हेत हं, मुख्यमंत्रीच समजा). रस्ते, शाळा, पूर, वादळ, इथे माणूस दिसतो. केंटकी राज्यात डेमोक्रॅट अँडी बेशिअर २०१९ ला जेमतेम ५ हजार मतांनी आला, समोरचा रिपब्लिकन गव्हर्नर मॅट बेविन शिक्षकांशी भांडून नकोसा झाला होता हेही खरं आणि वडील आधी गव्हर्नर होते हेही खरं. पण मग कोविडमध्ये रोज संध्याकाळी लोकांसमोर येऊन बोलायचा, डिसेंबर २०२१ च्या टोर्नेडोने वडिलांचं गाव डॉसन स्प्रिंग्ज उद्ध्वस्त केलं तेव्हा तिथे उभा होता, आणि २०२३ ला ५ टक्क्यांनी आला, तेही ट्रम्पला २०२० मध्ये २५ टक्क्यांहून जास्त लीड देणाऱ्या राज्यात.

हे जमणार नसेल तर उरतं मंत्रिपद, नाहीतर सरळ राज्य बदलणं. डेमोक्रॅट्सच्या मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर, रिपब्लिकन मिट रॉम्नी २०१८ ला युटाहमधून सेनेटर झालाच की. बुटिजेजने दोन्ही केलं, बायडनच्या काळात वाहतूक मंत्री झाला आणि नवऱ्याच्या मिशिगन राज्यात घर केलं. तरी २०२५ मध्ये तिथल्या सेनेट आणि गव्हर्नर दोन्ही निवडणुकांना त्याने नाही म्हटलं, त्यामुळे डोळा अजून वरच्याच खुर्चीवर असावा असं मला तरी वाटतं.