ब्रेन ट्यूमरच्या पेशी नव्या रक्तवाहिन्या कशा बोलावतात? आणि तो संदेश औषधाने अडवला तरी ट्यूमर मरत का नाही?

मी पॅथॉलॉजीत काम करते, त्यामुळे मला हे आधी स्लाइडवर दिसतं. ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक ब्रेन ट्यूमरच्या स्लाइडवर मधोमध फिकट गुलाबी, मेलेला भाग असतो. त्याच्या कडेने गडद जांभळ्या केंद्रकांच्या पेशींची दाट रांग लागलेली दिसते. थोडं बाजूला सरकलं की रक्तवाहिन्यांचे गुंतवळे दिसतात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या रांगेतच आहे.

रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन साधारण 100 ते 200 मायक्रोमीटरपर्यंतच पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. आपली प्रत्येक पेशी एचआयएफ-1 अल्फा नावाचं प्रथिन सतत बनवत असते आणि लगेच मोडूनही टाकत असते. ऑक्सिजन असेल तर एक एन्झाइम त्यावर खूण करतं, व्हीएचएल प्रथिन ती खूण ओळखतं आणि काही मिनिटांत त्याची विल्हेवाट लागते. ऑक्सिजन नसेल तर खूणच होत नाही. मग ते साठतं, केंद्रकात शिरतं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. व्हीईजीएफ म्हणजे नव्या रक्तवाहिन्या बोलावणारं प्रथिन, तुम्ही विचारलेला तो संदेश. एरवी व्हीईजीएफचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेली प्रत, फार टिकत नाही, पण गुदमरलेल्या पेशीत तोही जास्त वेळ शाबूत राहतो. म्हणजे उत्पादन वाढतं आणि नासाडी कमी होते. 1992 साली संशोधकांनी ट्यूमरमध्ये हा आरएनए शोधला, तेव्हा तो सर्वात जास्त सापडला तो मेलेल्या भागाभोवतीच्या त्याच रांगेत. मला आजही ही गोष्ट विलक्षण वाटते.

ही यंत्रणा ट्यूमरने शोधलेली नाही, ती आपली सर्वांचीच आहे. पेशींना ऑक्सिजनची कमी-जास्त मात्रा कशी कळते हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं. ट्यूमर तिच्यात बिघाड करतो. पेशीला वाढायला लावणाऱ्या ईजीएफआर या जनुकाच्या जादा प्रती झाल्या किंवा पीटेन हे जनुक निकामी झालं, की ऑक्सिजन पुरेसा असतानाही व्हीईजीएफ वाढतं.

व्हीईजीएफ 1983 मध्ये पहिल्यांदा सापडलं ते रक्तवाहिन्या पाझरायला लावणारा पदार्थ म्हणून. मेंदूला सूज येते ती यामुळेच. घाईने उगवलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, गळतात, त्यात गुठळ्या होतात. पुढच्या पेशी पुन्हा गुदमरतात आणि पुन्हा व्हीईजीएफ सोडतात.

आता औषधाचं. बेव्हॅसिझुमॅब व्हीईजीएफला बांधून ठेवतं. सूज उतरते, स्टेरॉइड कमी करता येतं, एमआरआय बरा दिसतो. पण नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरच्या ज्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल 2014 मध्ये आले, त्यांत आजार पुन्हा वाढायला वेळ जास्त लागला तरी एकूण आयुष्य वाढलं नाही. तुमच्या घरातलं कोणी हे औषध घेत असेल, तर सूज उतरल्याने मिळणारा आराम खरा असतो, त्याला कमी लेखू नका. फक्त स्कॅनमधली चकाकी कमी झाली म्हणजे ट्यूमरही तेवढाच कमी झाला असं धरू नका. चकाकी मुख्यतः पाझरणाऱ्या वाहिन्यांमुळे दिसते, आणि औषध आधी तो पाझर थांबवतं.

ट्यूमर तगतो याचं एक कारण म्हणजे व्हीईजीएफ हा एकटाच संदेश नाही. एफजीएफ आणि अँजिओपोएटिन हेही वाहिन्यांवर काम करतात. दुसरं कारण मला स्लाइडच्या कडेला, ट्यूमर संपल्यासारखा वाटतो तिथे दिसतं. निरोगी मेंदूतली जुनी, धडधाकट रक्तवाहिनी असते आणि तिच्या अंगाला चिकटून चार-पाच ट्यूमर पेशी पुढे निघालेल्या असतात. त्यांना नवी वाहिनी लागतच नाही.