नवा विग टोपी घातल्यासारखा दिसतो, काय करावं?

केमोनंतर आईंसाठी आणलेला विग टोपीसारखा दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. नवा विग बहुतेकदा जरा जास्तच दाट आणि चकचकीत असतो. सिंथेटिक असेल तर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरून झटका, चमक उतरते. भांगावर त्वचेच्या रंगाची कॉम्पॅक्ट लावा.

खरा फरक मात्र कापण्याने पडतो. विग डोक्यावर घालूनच कापून घ्या, कपाळाजवळ चार बटा चेहऱ्यावर येऊ द्या. नाशिकमध्ये कॉलेज रोडला पार्लर पुष्कळ आहेत, पण विग कापतात का ते आधी फोनवर विचारा. साध्या सिंथेटिक केसांना स्ट्रेटनर लावू नका, वितळतात (आमच्या मावशीने पहिल्याच दिवशी हा पराक्रम केला!). गोदाघाटावर वाऱ्यात जाणार असाल तर आत सुती टोपी घाला, विग कमी सरकतो.